पेशा बाईचा, पेशा पुरुषाचा: ऑनलाइन खेळांतील एक जुने कुंपण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



ज्या विषयाचे नाव काढताच चार जाणत्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडाव्यात, असा आजचा विषय आहे. महागाई आहे, बेकारी आहे, शेतमालाच्या भावाचा प्रश्न आहे. अशा वेळी संगणकावरील खेळांत कोणते पात्र बाईचे आणि कोणते पुरुषाचे याची चर्चा कशासाठी, असे कोणीही विचारील. त्याचे सरळ उत्तर असे की, हा आता पोरखेळ राहिलेला नाही. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी ‘लॉस्ट आर्क’ या एकाच कोरियन खेळात, ‘स्टीम’ या एकाच विक्रीकेंद्रातून आलेले, १३ लाखांहून अधिक लोक एकाच वेळी खेळत होते. इतकी माणसे जेथे आपला फावला वेळ आणि खिशातला पैसा ओततात, तेथील नियम कोण ठरवितो आणि कोणत्या हिशेबाने ठरवितो, हे पाहणे अर्थशास्त्राचे काम आहे, तसेच राजकारणाचेही. स्त्रीचे कोणते रूप समाजापुढे ठेवावयाचे हा प्रश्न राजकारणाचा आहे, हे डॉ. लोहियांनी सावित्रीऐवजी द्रौपदीची बाजू घेतली तेव्हाच सांगितलेले आहे.

प्रथम या खेळांचे स्वरूप समजून घेऊ. हजारो खेळाडू आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक जगात वावरतात. त्या जगात शिरताना प्रत्येकाने एक पात्र घडवावयाचे असते. त्याचा वंश निवडावयाचा, चेहरा निवडावयाचा आणि पेशा निवडावयाचा. योद्धा, जादूगार, धनुर्धर, जखमींना बरे करणारा, असे ते पेशे असतात. खेळाच्या परिभाषेत पेशाला ‘क्लास’ म्हणतात. आपल्या परिचयाच्या वर्गाशी या शब्दाचे काही नाते नाही. असलेच तर ते बलुतेदारीशी आहे. कारण पुष्कळ खेळांत पेशा आणि देह यांची गाठ कंपनीने आधीच मारून ठेवलेली असते. ढाल-तलवार हवी असेल तर पुरुष व्हा. मंत्रविद्या हवी असेल तर स्त्री व्हा. खेळाडू या बंधनाला ‘जेंडर लॉक’ म्हणतात. मराठीत लिंगबंधन म्हणावयास हरकत नाही.

‘लॉस्ट आर्क’ अमेरिका-युरोपात आला तेव्हा त्यात १५ पेशे होते. त्यांपैकी ८ स्त्रियांचे आणि ७ पुरुषांचे. नुसती शिरगणती केली तर स्त्रियांचे पारडे जड दिसते, आणि कंपन्यांचे कैवारी हेच आकडे पुढे करतात. पण मोजणी जरा खोलवर केली की चित्र पालटते. तिन्ही योद्धे पुरुष होते. दोन्ही जादूगार स्त्रिया होत्या, आणि अंधारातून घाव घालणाऱ्या दोन्ही मारेकरीही स्त्रियाच. पोलादी चिलखत घालून शत्रूच्या समोर छातीठोकपणे उभे राहण्याचे काम एकाही स्त्रीकडे नव्हते. आरक्षणाच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला हे समजावून सांगावयास नको. किती खुर्च्या मिळाल्या एवढेच पाहून भागत नाही. कोणत्या खात्याच्या मिळाल्या हेही पाहावे लागते.

कंपन्यांचे उत्तर एका शब्दात सांगता येते: खर्च. या उत्तराची टवाळी करण्याचे कारण नाही, कारण ते अर्धे खरे आहे. पडद्यावरचे प्रत्येक पात्र हा एक देह असतो. त्याचा सांगाडा, चाल, उडी, शस्त्राचा प्रत्येक वार कुणा कारागिराने घडविलेला असतो. आवाज ध्वनिमुद्रित करावा लागतो. खेळातील शेकडो अंगरखे, चिलखते, शिरस्त्राणे त्या देहावर बेतावी लागतात. देह वाढला की हे सारे काम वाढते. ‘फायनल फँटसी १४’ या जपानी खेळाचे उदाहरण बोलके आहे. २०१९ साली त्यात दोन नवे वंश आले. सशासारखे लांब कान असलेला व्हिएरा हा वंश केवळ स्त्रियांचा होता आणि सिंहमुखी ह्रोथगार केवळ पुरुषांचा. निर्मात्यांचे म्हणणे असे, की हाती असलेल्या मनुष्यबळात दोन नवे देह होणार होते. एका वंशाचे दोन करा, नाही तर दोन वंशांचा एकेक करा. पुढे त्या लांब कानांवर आणि आयाळीवर बहुतेक शिरस्त्राणे वर्षानुवर्षे बसू शकली नाहीत. टोपी चढविली तरी ती दिसत नसे. खर्च खोटा असता तर ही फजिती झाली नसती.

उलट बाजूचाही दाखला आहे. २०१४ साली यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या खेळात चौघांनी मिळून खेळण्याची सोय केली आणि चौघेही पुरुष ठेवले. स्त्रीपात्र घ्यावयाचे तर हालचाली, पोशाख, आवाज यांचे काम दुप्पट होईल, असे कंपनीच्या वतीने सांगण्यात आले. त्यावर याच मालिकेतील आधीच्या खेळावर काम केलेल्या एका कारागिराने जाहीरपणे सांगितले की हे काम एक-दोन दिवसांचे आहे. दोघांपैकी कोणाचा अंदाज बरोबर होता हे कंपनीच्या हिशेबाच्या वह्या पाहिल्यावाचून सांगता येणार नाही, आणि त्या वह्या कोणी दाखवीत नाही. कारखान्यातील वेतनकराराच्या बैठकीत बसलेल्यांना हा अनुभव नवा नाही.

तथापि, खर्चाचे सर्व म्हणणे जसेच्या तसे मान्य केले तरी एक गोष्ट शिल्लक उरते, आणि खरा मुद्दा तोच आहे. दोनऐवजी एकच देह का केला, एवढेच खर्चाचा हिशेब सांगतो. तो देह कोणाचा, हे हिशेब सांगत नाही. स्त्री-योद्धा आणि पुरुष-जादूगार घडविण्याला पुरुष-योद्धा आणि स्त्री-जादूगार यांच्याइतकाच पैसा लागतो. व्हिएरा पुरुषांचा आणि ह्रोथगार स्त्रियांचा केला असता तरी देह दोनच झाले असते. काटकसर आंधळी असती तर कधी हे, कधी ते असे पाहावयास मिळाले असते. प्रत्यक्षात कात्री चालते ती ठरलेल्या रेषेवरून: धिप्पाड, केसाळ, राकट देह पुरुषाचा, सडपातळ, देखणा देह स्त्रीचा. त्या रेषेचा दोष काटकसरीच्या माथी मारता येत नाही. ती कागदावर आधीच आखलेली असते.

याच जपानी कंपनीच्या २००२ सालच्या ‘फायनल फँटसी ११’ मध्ये मांजरीसारख्या शेपटीच्या मिथ्रा वंशाच्या केवळ स्त्रियाच खेळता येत, आणि पर्वतप्राय गाल्का वंशाचे केवळ पुरुष. मिथ्रांच्या बाबतीत कथेने खुलासा दिला तो असा, की त्यांच्यात पुरुष फार थोडे असतात. गाल्कांचा खुलासा त्याहून नामी आहे. त्यांना लिंगच नाही. ते मरतात आणि पुन्हा नवा जन्म घेऊन येतात. ज्या जातीला लिंग नाही तिला शरीर द्यावयाची वेळ आली, तेव्हा कारागिराच्या हातून पुरुष उतरला! तटस्थ माणूस म्हणजे पुरुष, ही समजूत यापेक्षा अधिक उघडपणे क्वचितच कोणी मांडली असेल.

दुसरे उदाहरण ‘ब्लॅक डेझर्ट’ या कोरियन खेळाचे. त्यात जादूचा पेशा स्त्री-पुरुष दोघांनाही आहे, पण दोन वेगळ्या नावांनी. ‘विझर्ड’ हा पुरुष म्हातारा आहे, पांढऱ्या दाढीचा, विद्येने पिकलेला. ‘विच’ ही स्त्री तरुण आणि रूपवान आहे. विद्या एकच, परंतु ती मिळविताना त्याचे केस पिकतात, तिचे पिकत नाहीत. राक्षसी देहाचा ‘बर्सर्कर’ तेथे फक्त पुरुष आहे. म्हातारी होण्याचा आणि अगडबंब होण्याचा अधिकार स्त्रीला या जगात नाही.

हे सारे कोरिया-जपानने शोधून काढले असे मात्र समजू नये. या खेळांचा मूळपुरुष अमेरिकेत जन्मला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून, कागदावर पात्र लिहून खेळावयाचा खेळ. १९७८ साली निघालेल्या त्याच्या प्रगत आवृत्तीच्या नियमपुस्तकात मानवी योद्ध्याच्या शक्तीला कमाल मर्यादा घातलेली होती. शक्तीचा आकडा १८ झाला की वर आणखी शतमानाने भर पडे. पुरुषाला ती शंभरापर्यंत आणि स्त्रीला पन्नासापर्यंत. ज्या जगात माणसे मंत्र म्हणून आगीचे गोळे फेकतात, तेथे बाईच्या दंडातील बळ तेवढे वास्तववादी ठेवण्याची काळजी लेखकांनी घेतली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम काढून टाकण्यात आला. कागदावरचा नियम एका ओळीने खोडता येतो. पडद्यावर तोच नियम देहाच्या रूपाने येतो आणि खोडावयास कारागीर व पैसा लागतो, एवढाच फरक.

आता बाजाराकडे वळू. यांतील पुष्कळ खेळ फुकट असतात. कंपनीची कमाई होते ती पोशाख, शोभेच्या वस्तू आणि वेळ वाचविणाऱ्या सवलती विकून. अशा धंद्यात लिंगबंधन म्हणजे केवळ खर्चाची बचत राहत नाही; तेच उत्पन्नाचे साधन बनते. ‘ब्लॅक डेझर्ट’मध्ये ढाल-तलवारीचा पुरुष हा एक पेशा आणि ढाल-तलवारीची स्त्री हा दुसरा, निंजा आणि त्याची स्त्री-प्रतिकृती हे आणखी दोन, २०१७ साली मुष्टियोद्धा आला, त्याच वर्षी मुष्टियोद्धी आली. प्रत्येक वेळी नवा पेशा म्हणून डांगोरा. ‘लॉस्ट आर्क’मध्ये स्त्री-योद्धा २०२३ साली अवतरली. तिच्या हातात पुरुष-योद्ध्याचीच अजस्र तलवार होती, अंगावर मात्र त्याच्या मानाने कपडे कमी. जिला पहिल्यापासून तीच हवी होती, तिने आपले जुने पात्र बाजूला ठेवून नवे पात्र वाढवावयाचे, म्हणजे वेळ खर्चावयाचा, नाही तर पैसा. जी निवड पहिल्या दिवशी विनामूल्य मिळावयास हवी होती, तिची टंचाई निर्माण करून ती पुढे नवा माल म्हणून आणावयाची, हे मक्तेदारीचे तंत्र साखर-तेलाच्या व्यापाऱ्यांकडून आपल्याकडील गिऱ्हाइकांनी पुरेपूर अनुभवलेले आहे.

प्रत्येक लिंगबंधन सारखेच निंद्य आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या ‘पाथ ऑफ एक्झाइल’ या २०१३ सालच्या खेळात सात पात्रे आहेत, चार पुरुष आणि तीन स्त्रिया. प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आहे, आवाज आहे, हद्दपारीचे कारण आहे. तेथे पेशाला देह दिलेला नाही, तर एका विशिष्ट व्यक्तीला पेशा दिलेला आहे. कादंबरीतील नायक नायिका का नाही, असा जाब कोणी लेखकाला विचारीत नाही. शिवाय तेथे विकले जाणारे पोशाख सातही देहांवर बसविलेले असतात, म्हणजे खर्चाची सबबही ते सांगत नाहीत. पण जेथे चेहऱ्याची हनुवटी, भुवयांची कमान, डोळ्यांचा रंग हे सारे खेळाडूच्या हाती सोपविले जाते आणि ‘हे पात्र तुमचेच आहे’ असे सांगितले जाते, तेथे लेखकाच्या स्वातंत्र्याचा आधार घेता येणार नाही.

बंधन सोडल्याने धंदा बुडतो काय? अमेरिकेतील ‘डायब्लो २’ हा २००० सालचा खेळ. वर्षभराने निघालेल्या जोडभागासह त्यात सात पेशे होते आणि प्रत्येकाचे लिंग ठरलेले होते. २०१२ च्या ‘डायब्लो ३’ मध्ये पाचही पेशे दोघांना खुले झाले. रानटी योद्ध्याची स्त्री-आवृत्ती चांगली रुंद खांद्यांची, भरदार दंडांची होती. २०१५ पर्यंत त्या खेळाच्या ३ कोटींहून अधिक प्रती खपल्या. ‘फायनल फँटसी १४’ चीही गोष्ट अशीच. २०१० साली तो प्रथम निघाला तेव्हा तेथेही मार्जारवंश केवळ स्त्रियांचा होता. २०१३ साली नव्याने बांधणी करताना तो दोघांना खुला झाला. २०१९ चे नवे कुंपणही टिकले नाही. त्या खेळाला मासिक वर्गणी आहे. वर्गणीदार सतत मागणी करीत राहिले. २०२१ साली व्हिएरा पुरुष आले आणि २०२४ साली ह्रोथगार स्त्रिया आल्या.

पडद्यामागचा माणूस कोण, याचीही कंपन्यांना कधीकधी उठाठेव असते. कोरियाच्या ‘रॅग्नरॉक’ या २००२ सालच्या खेळात गायक होणे पुरुषाला आणि नर्तकी होणे स्त्रीलाच शक्य होते. दोघे शेजारी उभे राहिले तरच काही विद्या चालत. इतकेच नव्हे, तर नाव नोंदविताना जे लिंग लिहिले तेच पात्राला मिळे. चीनमधील एका कंपनीने २००७ साली याही पुढे मजल मारली. स्त्रीपात्र घेऊन खेळणाऱ्या पुरुषांची खाती तिने गोठविली आणि आपण स्त्री आहोत हे खेळाडूने कॅमेऱ्यासमोर येऊन सिद्ध करावे अशी अट घातली, असे वृत्त तेव्हा जगभर प्रसिद्ध झाले. मनोरंजनासाठी आलेल्या बाईला कॅमेऱ्यापुढे उभे करून तिचे बाईपण तपासावयाचे! रूपांतराची हौस मात्र अशा अटींनी थांबत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळणाऱ्या ३७५ जणांची पाहणी करण्यात आली. पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के स्त्रीपात्र घेऊन खेळले. स्त्रियांपैकी पुरुषपात्र घेणाऱ्या सुमारे ७ टक्के. स्त्रीरूप घेतलेले हे पुरुष बोलताना अधिक भावुक शब्द वापरीत, पण हालचालीत जुने वळण राही; उड्या अधिक मारीत, इतरांपासून दूर उभे राहत. बालगंधर्वांच्या शकुंतलेवर आणि सिंधूवर ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी जीव ओवाळून टाकला, त्यांना पुरुषांच्या या हौशीचे नवल वाटण्याचे कारण नाही.

येथपर्यंत विचार झाला तो गिऱ्हाइकाचा. पण ही पात्रे घडविणारे आणि त्यांना आवाज देणारे हातही आहेत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करून या पानावर हा विषय मांडता येणार नाही. दक्षिण कोरियात स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत सुमारे ३० टक्के आहे, ओईसीडीच्या सभासद राष्ट्रांत सर्वांत मोठी. जुलै २०१६ मध्ये तेथील नेक्सॉन कंपनीच्या ‘क्लोजर्स’ या खेळातील एका स्त्रीपात्राला आवाज दिलेल्या कलावतीने एक सदरा घातलेले आपले छायाचित्र प्रसिद्ध केले. मुलींना राजपुत्राची गरज नाही, अशा अर्थाचे वाक्य त्या सदऱ्यावर होते, आणि त्याच्या विक्रीचा पैसा एका स्त्रीवादी गटाच्या न्यायालयीन खर्चासाठी जात होता. खेळाडूंपैकी अनेक पुरुषांनी गहजब केला. एक-दोन दिवसांतच कंपनीने तो आवाज काढून टाकण्याचे जाहीर केले. मोबदला तिला मिळालेला होता. पण काम पुसले गेले.

या प्रकरणाचा पुढचा भाग पक्षकार्यकर्त्यांनी विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे. तेथील जस्टिस पार्टी हा पुरोगामी, कामगारांची बाजू घेणारा पक्ष. त्याच्या संस्कृतिविषयक समितीने निवेदन काढले की राजकीय मतांवरून कोणाच्या व्यवसायात अडथळा आणला जाऊ नये. म्हणजे साधा कामगारहक्काचा मुद्दा! तरीही पक्षाच्या सभासदांतूनच संतापाची लाट उठली, काही सभासद पक्ष सोडून गेले, आणि आठवडा सरण्याच्या सुमारास नेतृत्वाने ते निवेदन मागे घेतले. पक्षाचे नेतृत्व त्या वेळी एका स्त्रीकडे होते. हे निवेदन एखाद्या गिरणीतून काढून टाकलेल्या बाईविषयी असते तर ते मागे घेतले गेले असते काय? बहुधा नाही. खेळ ही आपल्या तरुण पुरुष सभासदांची खाजगी जागा आहे, तेथे पक्षाने लुडबुड करू नये, असे त्या पक्षातील पुष्कळांनी गृहीत धरले आणि पक्षाने ते मान्य केले. पुढे २०२० साली त्या देशाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला सांगावे लागले, की स्त्रीवादी मतांवरून खेळांसाठी चित्रे काढणाऱ्यांना कामापासून वगळणे हा भेदभाव आहे आणि शासनाने त्यावर उपाय योजावेत. जे पक्षाने सांगावयाचे ते सरकारी आयोगाच्या तोंडून आले, तेही चार वर्षांनी.

आपल्याकडील मुलांच्या हातातला ‘बीजीएमआय’ हा खेळ काढणारी क्राफ्टन म्हणजे पूर्वीची ब्लूहोल. त्याच ब्लूहोलच्या ‘टेरा’ या २०११ सालच्या खेळात ‘रीपर’ नावाचा पेशा बालिकेच्या चणीच्या एकाच स्त्रीवंशाला राखून ठेवलेला होता. ‘बीजीएमआय’मध्ये मात्र कोणीही कोणत्याही रूपात कोणतीही बंदूक उचलू शकतो. एकाच घराण्यातून दोन्ही प्रकार निघाले, तेव्हा हे बंधन यंत्राच्या स्वभावात नाही हे उघड आहे. आणि ही सारी गोष्ट दूरदेशीचीही नाही. ज्या यूबीसॉफ्टने चार पुरुषांचा खर्चाचा हिशेब सांगितला, तिने २००८ साली पुण्यात स्टुडिओ घेतला. कोरियात सप्टेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनच्या कर्मचाऱ्यांनी त्या उद्योगातील पहिली कामगार संघटना स्थापन केली आणि दोनच दिवसांनी ‘लॉस्ट आर्क’ बनविणाऱ्या स्माइलगेटमध्ये दुसरी उभी राहिली. जादा तासांचे वेतन ठोक पगारातच गृहीत धरण्याच्या पद्धतीविरुद्ध त्यांनी पहिली मागणी केली. पुण्याच्या स्टुडिओंत पात्रांचे देह घडविणाऱ्या मुलामुलींच्या कामाचे तास किती, त्यांच्या कराराच्या अटी कोणत्या, कोणते पात्र काढावयाचे हे ठरविताना त्यांना कोणी विचारते की नाही, याची चौकशी शहरातील साथींना करता येण्यासारखी आहे.